भिंत पडते, मीटर तिथेच राहतो

रमाई आवास योजनेचा हप्ता आला की वस्तीत घरकुलाची घाई सुरू होते. नाचणगावातही तसेच. जुनी मातीची भिंत पडते, मीटर मात्र तिथेच राहतो. बल्लीला बांधलेला बोर्ड, लोंबणारी सर्व्हिस वायर, आणि कामासाठी शेजारून घेतलेले एक्स्टेन्शन. घर पाडले म्हणजे लाईन बंदच असणार, असे घरच्यांना वाटते. मजुराला वाटते, घरच्यांनी बंद केलीच असेल. विचारत कोणीच नाही.

डीपीवर किंवा पिठाच्या गिरणीच्या बोर्डावर कवटी आणि दोन हाडांची पाटी आपण पाहतो. ती कोणाच्या हौसेने लावलेली नसते. १९५६ च्या भारतीय वीज नियमांतला ३५ वा नियम सांगत होता की, मालकाने अशा ठिकाणी ठळकपणे आणि कायमची धोक्याची पाटी लावावी. ती हिंदी किंवा इंग्रजीत आणि शिवाय जिल्ह्याच्या भाषेत असावी, सोबत कवटीचे चित्र असावे. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांतही हीच अट आली. चित्र यासाठी की अक्षर न येणाऱ्यालाही धोका कळावा. पण ही सक्ती २५० व्होल्टच्या वर आहे. आपल्या घरातली लाईन २३० ची. म्हणजे पाटीचा कायदा आपल्या मीटरबोर्डापर्यंत येतच नाही. मरण मात्र येते.

ते कसे, हे समजून घ्या. अंग ओले असले की शरीराचा विरोध साधारण एक हजार ओहमपर्यंत उतरू शकतो. मग २३० व्होल्टला सुमारे २३० मिलीअँपिअर करंट शरीरातून जातो. दहा-वीस मिलीअँपिअरलाच हाताचे स्नायू आवळतात. 'करंटने धरून ठेवले' म्हणतात ते हेच. माणसाची स्वतःचीच मूठ उघडत नाही. शंभराच्या आसपास हृदयाचे ठोके विस्कटू शकतात. "आमच्याकडे एमसीबी आहे" असे पुष्कळजण सांगतात. पण १६ अँपिअरची एमसीबी म्हणजे सोळा हजार मिलीअँपिअर! ती वायर वाचवते. माणसाला वाचवायला ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी आणि धड अर्थिंग लागते, आणि ती काम सुरू होण्याआधी बसवायची असते, रंगकाम झाल्यावर नाही.

नर्सिंग शिकताना आम्हाला एक गोष्ट पक्की शिकवली होती: चिठ्ठी नसलेली बाटली वापरायची नाही, 'बहुतेक तेच औषध असेल' म्हणायचे नाही. जुन्या वायरलाही हेच लावा. पाटी नाही, तर लाईन चालू आहे असेच धरा.

पाटीला खर्च नाही. पुठ्ठा किंवा पत्र्याचा तुकडा घ्या, लाल रंगाने कवटी काढा आणि लिहा: "धोका. लाईन चालू आहे. हात लावू नका." मजूर मध्य प्रदेश किंवा छत्तीसगडचे असतील तर खाली हिंदीतही लिहा. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या वायरवर वेगळी पाटी हवी: "मेन बंद केला तरी इथे करंट येतो." ही गोष्ट कधी कधी वायरमनच्याही लक्षात येत नाही. वायरमन काम करत असताना मेन बंद, फ्यूज काढून त्याच्याच खिशात, आणि मेनवर चिठ्ठी: "माणूस काम करत आहे, सुरू करू नका." खाली त्याचे नाव.

'बंद आहे' या पाटीवर मात्र आमचा विश्वास नाही. सकाळी खरी असलेली ती पाटी दुपारी कोणी स्लॅबवर पाणी मारायला मोटार लावली की खोटी ठरते. वायरमनने तपासल्याशिवाय हात लावू नये. १४ एप्रिलच्या आधी विहाराची रंगरंगोटी होते, तेव्हा पेंटर मेनच्या पेटीसोबत जुनी पाटीही रंगवून टाकतो. रंग वाळला की ती पुन्हा लिहून घ्या, नाहीतर जयंतीच्या लायटिंगला पोरे त्याच पेटीत हात घालतील.

वरची खोली चढवताना डोक्यावरची तार बघा. ११ हजार व्होल्टची तार घरापासून बाजूने किमान १.२ मीटर आणि वरून ३.७ मीटर दूर असावी लागते. नसेल तर तिथे पाटी कामाची नाही. सेंट्रिंगच्या आधी महावितरणला १९१२ वर कळवून लेखी अर्ज द्या.

आणि कोणाला शॉक लागलाच तर आधी मेन बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने वायर दूर सारा. हे फक्त घरच्या लाईनसाठी; मोठ्या तारेजवळ महावितरणने लाईन बंद करेपर्यंत जाऊ नका. माणूस बोलत नसेल, श्वास नसेल, तर १०८ ला फोन लावा आणि छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच सेंटिमीटर खोल दाबत राहा, गाडी येईपर्यंत. बाहेरून चट्टा लहान दिसला तरी आत मांस जळलेले असू शकते. लघवी काळपट आली तर लगेच सेवाग्राम किंवा सावंगीला न्या. 'मला काही झाले नाही' म्हणणाऱ्याचाही ईसीजी काढून घ्या.