मधुमेहाची गोळी आणि अंगाचे वजन

अलीकडे एक प्रश्न आमच्या कानी वारंवार येतो. “फादर, बाबांच्या साखरेच्या गोळ्यांनी वजन उतरते म्हणतात, मग त्या आम्हीही घेतल्या तर काय बिघडले?” गोळी स्वस्त, घरात आयती असलेली, मोह पडावा यात नवल नाही. म्हणून या औषधाची परीक्षा कशी झाली व तीतून काय निष्पन्न झाले, हे वाचकांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

हे औषध म्हणजे मेटफॉर्मिन. युरोपातील गॅलेगा नामक वनस्पतीत आढळणाऱ्या एका द्रव्याशी त्याचे नाते आहे. १९५७ साली फ्रेंच डॉक्टर ज्याँ स्टर्न यांनी मधुमेहावरील त्याचा उपयोग प्रसिद्ध केला. यकृतात तयार होणारी साखर ते कमी करते.

पुढे अमेरिकेत २७ केंद्रांत ३,२३४ स्त्रीपुरुषांवर एक मोठी परीक्षा झाली. त्यांस मधुमेह जडलेला नव्हता. मात्र रक्तातील साखर व वजन दोन्ही वाढलेली होती. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे त्यांचे तीन गट पाडले. एकास मेटफॉर्मिन दिले. दुसऱ्यास दिसावयास तशीच, पण औषध नसलेली गोळी दिली. तिसऱ्यास गोळी नाहीच; मित आहार आणि आठवड्यास १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम.

२००२ साली निकाल प्रसिद्ध झाला. सुमारे तीन वर्षांच्या अवधीत पोकळ गोळीने सरासरी ०.१ किलो, मेटफॉर्मिनने २.१ किलो, तर आहार-व्यायामाने ५.६ किलो वजन उतरले. मधुमेह होण्याचे प्रमाण औषधाने ३१ टक्क्यांनी, तर आहार-व्यायामाने ५८ टक्क्यांनी घटले.

तेव्हा गोळीचा गुण खोटा नव्हे. पण तो अल्प आहे. शिवाय तिने पोट बिघडते, मळमळ होते. दीर्घकाळ घेतल्यास ब-१२ जीवनसत्त्व कमी पडू शकते. मूत्रपिंडाचा विकार बळावलेल्यांस तर ती घातक ठरू शकते. ती कोणास द्यावी, हे रक्त तपासून डॉक्टरांनीच ठरवावयाचे असते. आणि घरच्या रोग्याची गोळी दुसऱ्याने घेतली, तर महिनाअखेरीस उणीव त्या रोग्यासच भासणार!

१५० मिनिटे म्हणजे आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास. बाबांची गोळी बाबांनाच राहू द्यावी. सायंकाळी त्यांचा हात धरून सर्वांनी पायी फिरावयास निघावे. त्यास पैसा लागत नाही, आणि गुण दोघांसही येतो.