गुळाचा उजेड

सकाळी ७. आईने डब्यात भाकरीशेजारी गुळाचा खडा ठेवला. तसलाच गूळ काल संध्याकाळी पाण्यात विरघळवून, टेफ्लॉनच्या भांड्यात, प्रयोगशाळेतल्या १८० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवून आलो होतो. रात्री उमरग्यात दोनदा वीज गेली. झोप लागली नाही.

सकाळी ८. भांडं थंड झालंय. तपकिरी पाणी सेंट्रिफ्यूज केलं, गाळलं आणि अतिनील दिव्याखाली धरलं. निळं उजळलं! हे कार्बन डॉट्स, अवघ्या काही नॅनोमीटरचे कण. भाजलेल्या पावात, गुळात, साखरेच्या पाकात असे कण मुळातच असतात, हे गुवाहाटीच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं. म्हणजे आपल्या काहिलीत ते पिढ्यान्‌पिढ्या तयार होत आले.

सकाळी १०.३०. बीएस्सीचा तास. मोबाइलचा टॉर्च तळहाताखाली धरायला लावला. बोटं लालभडक झाली. "सर, मग हाडं का दिसत नाहीत?" प्रश्न उत्तम. प्रकाश मांसात विखुरतो. निळा फार आत जात नाही, लाल जातो, आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त आणखी खोल जातो. माझं सगळं काम या प्रश्नाभोवती आहे. डॉट्सना चमकायला अतिनील किंवा निळा प्रकाश हवा, आणि तोच शरीरात पोचत नाही.

दुपारी २. म्हणून जोडीदार लागतो: यटर्बियम आणि थुलियम मिसळलेले सोडियम यिट्रियम फ्लोराइडचे कण. ९८० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश घेऊन ते अतिनील आणि निळा देतात. कणांवर धन भार, डॉट्सवर ऋण. दोन्ही एकमेकांना चिकटतात. दोघांतलं अंतर साधारण दहा नॅनोमीटरच्या आत असलं, तर ऊर्जा थेट डॉट्सकडे जाऊ शकते. हा प्रकाश देणारा लेझर डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे चष्म्याशिवाय खोलीत कुणालाही येऊ देत नाही. शिवाय ९८० ने पाणीही तापतं. पेशींवर वापरताना ही मोठी अडचण, म्हणून पुढे नियोडिमियम घालून ८०८ कडे जायचं आहे.

दुपारी ४. नुसत्या डॉट्सवर लेझर: काही नाही. नुसत्या कणांवर: वर्णपटात निळी रेघ. जोडीवर: निळी रेघ मंद, शेजारी हिरवट फुगवटा.

संध्याकाळी ६. आनंद झाला, पण खात्री नाही. डॉट्सनी कणांचा प्रकाश नुसता शोषून पुन्हा सोडला, तरी हेच दिसेल. कणांची चमक किती मायक्रोसेकंद टिकते आणि डॉट्स जोडल्यावर ती घटते का, हे मोजल्याशिवाय ऊर्जा थेट गेली असं लिहिता येणार नाही. ते मोजायचं यंत्र इथे नाही. नुसते कण आणि जोडी, दोन्ही नमुने बाटल्यांत भरले. उद्या पहाटेच्या एसटीने घेऊन निघतोय.