अधिमान्यतेचा शोध (लेखांक ६) : वस्त्रे कोणाच्या हातची?

सत्ता हाती असणे आणि ती चालवण्याचा हक्क इतरांनी, विशेषतः विरोधकांनी, मान्य केलेला असणे यांतील दुसरी गोष्ट म्हणजे अधिमान्यता, हे मागील लेखांकात पाहिले. अठराव्या शतकातील मराठी राज्यकारभारात या दोहोंची फारकत ठळकपणे दिसते. दक्षिणेतील मोगली मुलखातून चौथाई, म्हणजे वसुलाचा चौथा हिस्सा, मराठी फौजा १७१९ पूर्वीच तलवारीच्या जोरावर घेत होत्या; तरीही त्या वर्षी बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून स्वराज्य, चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परतले, तेव्हा तो मोठा विजय मानला गेला. ज्याच्या नावाने त्या सनदा निघाल्या तो रफीउद्दरजात हा फर्रुखसियरला पदच्युत करून सय्यद बंधूंनी नुकताच तख्तावर बसवलेला नामधारी बादशहा होता. दुबळ्याची मोहोर बलवानाला का हवी असावी, याचे उत्तर भाबड्या राजनिष्ठेत सापडत नाही. लुटीसाठी दर खेपेला फौज पाठवावी लागते, तर सनद हाती असली की वसुलाचे काम कमाविसदार, म्हणजे सरकारी वसुली अधिकारी, आणि त्याच्या कारकुनांवर बऱ्याच अंशी सोपवता येते.

पुढे हाच प्रकार पेशव्यांचे पुणे आणि छत्रपतींची गादी असलेला सातारा यांच्यात घडला. शाहू महाराजांच्या निधनानंतर, १७४९ नंतर, छत्रपतींच्या हाती कारभार फारसा उरला नाही. पेशवेपद एका घराण्यात वंशपरंपरेने चालत राहिले, पण प्रत्येक नव्या पेशव्याला पदाची वस्त्रे साताऱ्याहूनच यावी लागत. ऑगस्ट १७७३ मध्ये पेशवे नारायणरावांचा खून झाल्यावर त्यांचे चुलते रघुनाथराव यांनी ही वस्त्रे मिळवली, आणि १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर नारायणरावांचे पुत्र सवाई माधवराव यांचा जन्म होताच बारभाईंनी, म्हणजे रघुनाथरावांविरुद्ध एकवटलेल्या कारभाऱ्यांनी, अवघ्या चाळीस दिवसांच्या त्या बाळासाठी ती पुन्हा आणवली. वर्षही उलटले नव्हते, आणि एकाच गादीने दोन्ही पक्षांना मान्यता दिली. गादीला नकार देण्याची ताकद नव्हती, हे दोघेही जाणून होते, तरी वस्त्रांवाचून चालेल असे दोघांपैकी कोणालाही वाटले नाही.

माक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञाने अधिमान्यतेचे परंपरा, विभूतिमत्त्व आणि कायदा असे तीन आधार सांगितले. वस्त्रांचा हा व्यवहार पहिल्या आणि तिसऱ्या आधारांच्या मधोमध कोठेतरी बसतो, कारण येथे परंपराच कार्यपद्धती बनलेली आहे.

इतरांच्या मान्यतेचा हाच नियम गावपातळीवरच्या निवाड्यांनाही लागू होता. वतनाचा, म्हणजे वंशपरंपरागत हक्काचा, तंटा गोतसभेपुढे, म्हणजे भाऊबंद, वतनदार आणि गावकरी यांच्या सभेपुढे, आला की निवाड्याचा महजर लिहिला जाई आणि त्यावर पाटलाचा नांगर, बलुतेदारांची आपापल्या हत्यारांची चिन्हे अशा निशाण्या उमटत. त्या कागदाचे वजन मजकुरापेक्षा निशाण्यांत अधिक असे, कारण ज्यांनी निशाणी केली त्यांना पुढे तोंड फिरवणे अवघड जाई.

इंग्रजांना हे गणित चांगले उमगले होते. फेब्रुवारी १८१८ मध्ये त्यांनी सातारा घेतला तेव्हा किल्ल्यावर छत्रपतींचे निशाण चढवले, पेशवाई संपल्याचा जाहीरनामा काढला आणि पुढे प्रतापसिंह महाराजांना गादीवर बसवले. १८४८ मध्ये दत्तक नामंजूर करून ते राज्य खालसा करण्यात आले. तोवर इंग्रजांच्या कंपनीला साताऱ्याच्या निशाणाची गरज उरली नव्हती.