फी शून्य, पण फुकट नाही: न्यूयॉर्कमधल्या मुलांच्या एका शाळेची गोष्ट

ज्यांना ऐकायला वेळ नाही, लोकलमध्ये इअरफोन विसरलेत, किंवा माझा आवाज सहन होत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लेखी स्वरूपात.

आपल्याकडे एक प्रश्न बरेचदा येतो. "सिनेमात दाखवतात तशा अमेरिकेतल्या कॅथलिक बॉईज स्कूलमध्ये मुलं नेमकं करतात काय?" सगळ्या शाळांबद्दल बोलत बसलो तर हाती काही लागणार नाही. म्हणून आज एकच शाळा घेऊ. रेजिस हायस्कूल, मॅनहॅटन, न्यूयॉर्क.

पत्ता ऐकूनच धडकी भरेल असा आहे. पूर्व चौऱ्याऐंशीवा रस्ता, मॅडिसन अव्हेन्यू आणि पार्क अव्हेन्यूच्या मध्ये. आपल्याकडच्या मलबार हिलवर शाळा आहे असं समजा. न्यूयॉर्कमधल्या अशाच इतर खासगी शाळांची फी वर्षाला वीस हजार डॉलरच्या वर जाते. आणि रेजिसची फी? शून्य. सगळ्यांना शून्य. बाप वकील असो की टॅक्सी चालवणारा.

हे कसं काय? तर ह्यू ग्रँट नावाचे एक गृहस्थ न्यूयॉर्कचे महापौर होते. (सिनेमातला तो नव्हे!) त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या पत्नीने, ज्युलिया ग्रँट यांनी, शाळा उभारायला पैसा दिला. मुलांना फुकट कॅथलिक शिक्षण मिळावं, आणि ज्यांना ते एरवी परवडलं नसतं त्यांचा आधी विचार व्हावा, हा हेतू. आणि देणाऱ्याचं नाव कुठेही यायचं नाही! शाळा १९१४ साली सुरू झाली आणि पुढे कित्येक वर्षं पैसा कुणाचा हे बाहेर कळलं नव्हतं. आपल्याकडे मंदिराच्या पायरीवरसुद्धा देणगीदाराचं नाव कोरलेलं असतं, त्या हिशेबाने हे भारीच.

आता "वा, काय छान" म्हणायच्या आधी थांबा. इथे प्रवेश कोणाला? फक्त मुलांना, आणि तेही बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिक मुलांनाच. आठवीत असताना अर्ज, मग परीक्षा, मग मुलाखत. चारही वर्गांत मिळून साधारण सव्वापाचशे मुलं, म्हणजे वर्षाला सव्वाशे-एकशेतीस जागा. आपल्याकडचा अनुभव याच्या उलट आहे. ही शाळा चालवतात ते जेझुइट, म्हणजे येशू संघाचे लोक. पुण्याच्या कॅम्पातलं सेंट व्हिन्सेंट्स (१८६७) आणि मुंबईच्या फोर्टमधलं सेंट झेवियर्स (१८६९) त्यांचंच. गोव्यात ज्यांचं शव ठेवलंय ते फ्रान्सिस झेवियर या संघाच्या पहिल्या साथीदारांपैकी. पण सेंट झेवियर्समधून सुनील गावसकर शिकून बाहेर पडला, आणि त्याला कोणी बाप्तिस्म्याचा दाखला मागितला नव्हता. आपल्याकडच्या या शाळांमध्ये कॅथलिक नसलेलीच मुलं जास्त दिसतात. रेजिसच्या वर्गात तुम्ही-आम्ही बहुतेकजण बसूच शकलो नसतो.

असो. आत जाऊ.

तिथली हायस्कूल नववी ते बारावी एकाच इमारतीत असते. दहावीनंतर ज्युनियर कॉलेज, नवीन मित्र, नवीन क्लास, हा आपला धक्का त्यांना नाही. चार वर्षं तेच शिक्षक, त्याच भिंती. मुलं शहराच्या पाचही भागांतून आणि पलीकडच्या न्यू जर्सीतूनसुद्धा येतात. सकाळी तासाभराचा प्रवास म्हणजे काही विशेष नाही. विरार किंवा बदलापूरच्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको.

या प्रवासाचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण तुम्हाला माहीत आहे. कोरोनाच्या काळात टीव्हीवर रोज दिसणारे डॉ. अँथनी फाउची, १९५८ सालचे रेजिसचे विद्यार्थी. ब्रुकलिनमध्ये वडिलांचं औषधाचं दुकान, वरच्या मजल्यावर घर, आणि सायकलवरून लोकांना औषधं पोचवणारा हा मुलगा. तिथून बस आणि सबवे बदलत मॅनहॅटन. शिकायला काय? लॅटिन आणि प्राचीन ग्रीक. होय, पुढे डॉक्टर होणारा मुलगा ग्रीक शिकत होता! जेझुइटांनी आपल्याला नेमका विचार करायला आणि मोजक्या शब्दांत बोलायला शिकवलं, असं ते अनेकदा सांगतात. पत्रकारांना उत्तरं देताना ते दिसायचंही.

हे योगायोगाने होत नाही. जेझुइटांनी १५९९ सालीच आपल्या शाळांसाठी एक नियमावली काढली होती: कोणत्या इयत्तेत काय, कसं शिकवायचं, पाठ कसा घ्यायचा, वाद कसा घालायला लावायचा. वाद घालणं हा तिथे अभ्यासाचा भाग, उद्धटपणा नाही. आजही रेजिसची वादविवाद मंडळी अमेरिकेत नाव राखून आहेत. माझ्या शाळेत "सर, पण असं का?" विचारलं की वर्गाबाहेर उभं करायचे, त्यामुळे हे वाचताना थोडी जळजळ झाली, कबूल करतो.

दोन छोट्या गमती. जेझुइट शाळांमध्ये वहीच्या पानावर सगळ्यात वर चार अक्षरं लिहायची जुनी पद्धत आहे, ए-एम-डी-जी. लॅटिनमध्ये अर्थ, "देवाच्या अधिक गौरवासाठी". आपण कोऱ्या पानावर "श्री" लिहायचो ना, तसंच! आणि शिक्षेला शब्द आहे "जग". म्हणजे शाळा सुटल्यावर थांबायचं. मुलं गमतीने त्याचा विस्तार "देवाच्या देखरेखीखालचा न्याय" असा करतात. पण शब्दाचं मूळ लॅटिन "जुगुम" असल्याचं सांगतात. जुगुम म्हणजे बैलाच्या मानेवरचं जू. आणि आपलं "जू" संस्कृत "युग"वरून आलेलं, दोन्ही शब्द मुळात भाऊभाऊ.

खेळाचंही ऐका. फाउची बास्केटबॉल संघाचे कॅप्टन होते, उंची पाच फूट सात इंच. त्या मोसमात संघाने एक सामना जिंकला होता आणि सोळा हरले होते. अशा अवस्थेत फोर्डम प्रेप या तगड्या शाळेशी गाठ पडली, जिच्या संघात पुढे एनबीएत मोठा अधिकारी झालेला डॉनी वॉल्श होता. आणि रेजिस जिंकली! साठ वर्षांनी, कोरोनाच्या काळात, पत्रकारांनी हा सामना शोधून काढला.

आता मूळ मुद्दा. पैसे घेत नाहीत, मग घेतात काय?

१९७३ साली स्पेनच्या व्हॅलेन्सिया शहरात जेझुइट शाळांच्या माजी विद्यार्थ्यांचं संमेलन भरलं होतं. भाषणाला उभे राहिले संघाचे त्या वेळचे प्रमुख, पेद्रो अरुपे. हा माणूस १९४५ साली हिरोशिमाजवळ होता. बॉम्ब पडल्यावर त्याने आपल्या मठातच दवाखाना उभा केला, कारण धर्मगुरू होण्याआधी तो वैद्यकीचं शिक्षण घेत होता. समोर सगळे यशस्वी, सुस्थितीतले लोक. अरुपेंनी विचारलं, आम्ही तुम्हाला न्यायासाठी झटायला शिकवलं का? आणि स्वतःच उत्तर दिलं, नाही. समोरच्या बऱ्याच जणांना ते झोंबलं. पण "इतरांसाठी जगणारी माणसं" हे त्यांचे शब्द जगभरच्या जेझुइट शाळांचं ब्रीद होऊन बसले.

म्हणून या शाळांमध्ये सेवा हा ऐच्छिक छंद नसतो. वृद्धाश्रम, अन्नछत्र, लहान मुलांच्या शिकवण्या, हे अभ्यासक्रमाचाच भाग म्हणून करावं लागतं. सक्तीची सेवा ही सेवा असते का, हा प्रश्न मलाही पडतो. एनएसएसचे तास भरायला झाडू हातात धरून फोटो काढणारे आपण सगळेच. फरक इतकाच, की रेजिसच्या मुलाला पहिल्या दिवसापासून माहीत असतं की आपली जागा कोणीतरी दुसऱ्याने भरलेल्या पैशांवर उभी आहे.

आणि प्रवेशाची अडचणही शाळेला कळली. फी शून्य असली तरी परीक्षा असतेच, आणि परीक्षेची तयारी ज्याच्या घरी होते तोच पुढे जातो. कोटाचा क्लास परवडणारा आणि न परवडणारा, हे चित्र आपल्याला नवीन नाही. म्हणून २००२ पासून रेजिसने 'रीच' नावाचा उपक्रम चालवला: कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना माध्यमिक वर्गांपासूनच शनिवारी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत शिकवायचं, म्हणजे ती कॅथलिक हायस्कूलच्या प्रवेशापर्यंत पोचतील.

ज्युलियाबाईंच्या पैशावर शाळा आता चालत नाही, तो केव्हाच अपुरा पडला. खर्चाचा मोठा वाटा माजी विद्यार्थी आणि पालक उचलतात. बिल कोणी पाठवत नाही. मुलगा पास होऊन बाहेर पडतो, नोकरीला लागतो आणि शाळेकडून एक दिवस पत्र येतं, जमेल तेवढं द्या म्हणून. भरपूर जण देतात.