एमसीबीला न दिसणारी उष्णता

सिंदेवाहीतल्या एखाद्या जुन्या घराचे स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणू. वायरिंग झाले तेव्हा तिथे दिवा, पंखा आणि मिक्सरपुरता एक पॉइंट, एवढीच गरज होती. आता ओट्यावर २००० वॉटची इंडक्शन शेगडी आणि शेजारी १६०० वॉटचा ओव्हन आला. दोन्ही एकाच बोर्डावर! २३० व्होल्टने भागले की शेगडीचे ८.७ आणि ओव्हनचे ७, म्हणजे जवळजवळ १६ अँपिअर होतात. भिंतीतली तार १.५ चौरस मिलिमीटरची असेल, तर हे ओझे तिला पेलणारे नाही. एमसीबी वारंवार पडू लागतो. मग कोणीतरी तिथे ३२ अँपिअरचा एमसीबी बसवून देतो आणि तक्रार मिटते. पण एमसीबी शेगडीसाठी नसतो, भिंतीतल्या तारेसाठी असतो. तारेचा राखणदारच आपण काढून टाकला.

याहून फसवा प्रकार सॉकेटमधल्या सैल स्क्रूचा. त्या जोडाचा रोध ०.१ ओहम धरू. प्रवाहाच्या वर्गाला रोधाने गुणले की उष्णता मिळते. ३ अँपिअरला ती १ वॉटही नाही. १६ अँपिअरला सुमारे २५ वॉट, म्हणजे एका सोल्डरिंग आयर्नइतकी, तीही बंद डबीत. एमसीबी का पडत नाही, हे वर्गात जरूर विचारावे. सैल जोडामुळे प्रवाह वाढत नाही, किंचित कमीच होतो. एमसीबीला फक्त प्रवाह कळतो.

म्हणून शेगडी आणि ओव्हन यांना मेन बोर्डापासून स्वतंत्र लाइन हवी: ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, १६ अँपिअरचे सॉकेट आणि तेवढ्याच क्षमतेचा एमसीबी. एक्स्टेंशन बोर्ड नको. वीजबिलावरचा मंजूर भारही पाहावा. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

अर्थिंगचे काय? मे महिन्यात इकडची जमीन वाळते आणि अर्थिंगचा रोध वाढतो. तो १०० ओहम झाला, तर ओव्हनच्या पत्र्यात वीज उतरूनही जमिनीत जेमतेम २.३ अँपिअर जातील. एमसीबी स्वस्थ! ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी मात्र तेवढ्याने क्षणात पडतो. त्यावरचे ‘टी’ बटण अधूनमधून दाबून तो पडतो की नाही ते पाहावे.

आणि एक सोपी तपासणी. अर्धा तास स्वयंपाक झाल्यावर स्विच बंद करून प्लग काढा. पिना चटका देत असतील किंवा सॉकेटची भोके तपकिरी दिसत असतील, तर त्या पॉइंटवर पुन्हा शेगडी लावू नका.