उत्क्रांतीची शिडी आणि माडियांचा मुलूख

उत्क्रांतीचा सिद्धांत पुराव्यांवर उभा आहे. मात्र पुराव्यांचा अर्थ लावणारी माणसे आपल्या काळाचे विचार सोबत घेऊनच आली. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात याची साक्ष दगडांतही मिळते आणि सरकारी कागदांतही.

नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर यांनी तेव्हाच्या चांदा (चंद्रपूर) जिल्ह्यातील मांगलीच्या वालुकाश्मात सापडलेली एका प्राचीन उभयचराची कवटी लंडनला पाठवली. शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी त्या प्राण्याला ‘ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स’ असे नाव दिले. पाठीचा कणा असलेल्या सर्व प्राण्यांच्या रचनेमागे एकच आदर्श आराखडा आहे, अशी ओवेन यांची धारणा होती. हाडांमधील साम्य त्यांनी बारकाईने टिपले. डार्विन यांनी 1859 मध्ये त्याच साम्याचा अर्थ ‘समान पूर्वज’ असा लावला. ओवेन यांनी मात्र डार्विन यांच्या नैसर्गिक निवडीच्या सिद्धांताला अखेरपर्यंत विरोध केला.

डार्विनही काळाच्या प्रभावापासून मुक्त नव्हते. जगण्यासाठीच्या झगड्याची कल्पना त्यांना 1838 मध्ये अर्थशास्त्रज्ञ माल्थस यांच्या लोकसंख्येवरील निबंधातून सुचली. पण कल्पना कुठून आली यावर तिचा खरेपणा ठरत नाही, तो पुराव्यांवर ठरतो. नैसर्गिक निवड त्या कसोटीला उतरली.

समाजाच्या उत्क्रांतीची शिडी मात्र त्या कसोटीला उतरली नाही. तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सर यांनी समाजालाही प्रगतीचा नियम लावला. मानववंशशास्त्रज्ञ लुईस मॉर्गन यांनी 1877 मध्ये मानवजातीला रानटी, असभ्य आणि सुसंस्कृत अशा पायऱ्यांवर बसवले. डार्विन यांच्या आकृतीत अशी शिडी नाही. तिथे फांद्या फुटत जाणारे झाड आहे. आज जिवंत असलेली प्रत्येक फांदी सारखीच जुनी आहे.

तरीही शिडीचा विचार प्रशासनात रुजला. अनुसूचित क्षेत्रे व जमातींसाठी नेमलेल्या ढेबर आयोगानंतर ‘आदिम जमाती’ हा वेगळा वर्ग झाला आणि ‘शेतीपूर्व तंत्रज्ञान’ हा त्याचा एक निकष ठरला. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि भामरागड-एटापल्लीकडील माडिया गोंड त्यात आले. 2006 मध्ये ‘आदिम’ऐवजी ‘विशेष असुरक्षित’ हे शब्द आले.

गोटूल (गावातील तरुणांचे सामूहिक घर), फिरती शेती आणि जंगलाचे ज्ञान सांभाळणारा माडिया समाज कुणाचा भूतकाळ नाही. तो आजचाच समाज आहे. त्याला दवाखाना, शाळा आणि जमिनीचा हक्क मिळायला हवा, तो मागासलेपणावरची दया म्हणून नव्हे, तर नागरिकाचा अधिकार म्हणून.