चोथ्यातून कळणारी ऊलाँगची किंमत

हिरवा, काळा आणि ऊलाँग हे तिन्ही चहा एकाच झुडपाच्या पानांपासून होतात. त्यांना वेगळे करते ती पान खुडल्यानंतरच्या काही तासांतली प्रक्रिया. वांगे चिरून ठेवले की थोड्याच वेळात फोडी काळवंडतात, कारण पेशी फुटल्यावर त्यांतले विकर हवेतल्या प्राणवायूच्या साहाय्याने आतली द्रव्ये बदलू लागते, आणि चहाच्या पानातही त्याच जातीचे विकर हेच काम करते. या बदलाला ऑक्सिडीकरण म्हणतात. हिरव्या चहात पानाला लगेच उष्णता देऊन तो थांबवतात, काळ्या चहात तो शेवटाला जाऊ देतात, आणि ऊलाँगमध्ये तो वाटेत कुठेतरी अडवतात. हे ‘कुठेतरी’ ठरवण्यातच करणाऱ्याचे कसब लागते, म्हणून ऊलाँगची पारख ही मुळात त्या थांबवण्याची पारख होय.

ताइवानच्या नानतोऊ जिल्ह्यातील लुगू हा भाग तुंगतिंग नावाच्या ऊलाँगसाठी प्रसिद्ध आहे, आणि तिथली रीत पाहिली म्हणजे या चहाला किंमत का येते हे उमगते. खुडलेली पाने आधी उन्हात पसरून कोमेजवतात, मग सावलीत बांबूच्या रुंद परड्यांत घेऊन ठरावीक अंतराने हलक्या हाताने खालीवर करतात. धान्य पाखडताना सूप हलते तसे हे काम दिसते, परंतु पानांच्या कडा एकमेकींवर घासून किंचित ठेचल्या जाव्यात आणि मधला भाग मात्र शाबूत राहावा, हा इथला उद्देश असतो. रात्र चढते तसा कच्च्या गवताचा वास सरून फुलांचा वास वर येतो, आणि तो भरात आला असता पाने तापलेल्या पिंपात टाकून विकर निकामी करतात. त्यानंतर ती कापडात घट्ट बांधून पुन्हा पुन्हा मळली जातात, त्यांच्या टपोऱ्या गोळ्या होतात, आणि अखेरीस सुकवून मंद आचेवर भाजतात. तुंगतिंगचा खरपूस गोडवा या भाजणीतून येतो.

महाराष्ट्रात घरोघरी उकळली जाणारी दाणेदार चहापूड पान चिरडून, फाडून आणि वळवून केलेली असते. दूध, साखर आणि आले पडूनही रंग व कडकपणा टिकावा हा तिचा हेतू, आणि तो ती उत्तम साधते. तेच माप ऊलाँगला लावले तर तो पाणचट ठरेल, आणि हा निवाडा पूर्णपणे अन्यायाचा होईल.

पारखी मंडळी चव घेताना चहाचे मुळीच लाड करीत नाहीत. पांढऱ्या चिनी मातीच्या कपात ३ ग्रॅम पान, त्यावर १५० मिलिलिटर उकळते पाणी आणि पाच-सहा मिनिटांचा अवधी, ही प्रचलित पद्धत आहे. घरी कोणी इतका वेळ पान मुरवणार नाही, पण दोष उघडे पाडायचे तर पानाला असेच ताणावे लागते. लुगूच्या शेतकरी संघाच्या प्रसिद्ध स्पर्धेत उत्पादकाची नावे झाकून अशाच रीतीने नमुने तपासले जातात, आणि प्रतवारी झालेला चहा संघाच्या मोहरेने बंद होऊन विकला जातो. परीक्षक आधी ओल्या पानांचा वास घेतो, मग अर्काचा रंग व नितळपणा पाहतो, आणि नंतर चमच्याने घेतलेला घोट मोठा भुरका मारून तोंडभर फिरवतो, कारण भुरक्याबरोबर आत गेलेली हवा गंध नाकाच्या मागच्या वाटेने वर नेते. भुरका मारणे एरवी असभ्य मानले जाते, इथे मात्र त्यावाचून अर्धी चव कळतच नाही.

जिभेवर कडूपणा किंवा तुरटपणा जाणवणे हा स्वतःहून दोष नव्हे. तो रेंगाळतो की विरतो, हे पाहायचे असते. चांगल्या ऊलाँगमध्ये घोट गिळल्यानंतर क्षणभराने घशात गोडवा परत येतो, ज्याला चिनी भाषेत ‘हुइगान’ म्हणतात. आवळा खाऊन पाणी प्यायलेल्या माणसाला ही गोष्ट वेगळी सांगावी लागणार नाही. दुसरी कसोटी निवलेल्या कपाची आहे, कारण गरमपणात लपलेला शिळेपणा किंवा जळकेपणा थंड अर्कात उघड होतो. जादा भाजणी जुना माल झाकण्यासाठीही वापरली जाते, आणि तेव्हा कपात कोळशाखेरीज फारसे काही उरत नाही. चिनश्वान या वाणाच्या चहाला मुळातच दुधासारखा सौम्य वास असतो. बाजारातल्या अनेक ‘दुधी’ ऊलाँगना तो वरून लावलेला असतो, आणि असा लावलेला वास पहिल्या कपात दरवळून पुढच्या एकदोन कपांत सरतो.

सगळ्यांत प्रामाणिक साक्ष चोथ्याची असते. भिजून उलगडलेले पान बोटांनी बशीत पसरावे: एकाच देठावर दोन-तीन पाने शाबूत असतील तर ते हाताने खुडलेले, आणि पाने मधूनच सरळ कापलेली असतील तर बहुधा यंत्राने. कमी भाजलेल्या चहात पानाचा मध्य हिरवा आणि कडेला विटकरी किनार दिसते. ही किनार म्हणजे परडीतल्या त्या रात्रीची खूण होय. किनार कुठेच नसेल, किंवा पानावर वेडेवाकडे तपकिरी डाग असतील, तर हाताळणीत घाई झाल्याचा संशय घ्यावा. चोळल्यावर पान मऊ व लवचीक लागले पाहिजे.

दर ठरवताना विक्रेते उंचीवर फार भर देतात, आणि त्याला आधार आहे: ताइवानमध्ये १,००० मीटरच्या वर पिकलेल्या चहाला उंच डोंगरी चहा म्हणतात, लीशानचे मळे तर २,००० मीटरच्याही पुढे जातात, आणि तिथल्या थंडीधुक्यात पान सावकाश वाढून कमी कडू व अधिक मऊ होते. परंतु उंची केवळ कच्चा माल देते. ओबडधोबड हाताळलेला लीशानचा चहा नीट केलेल्या साध्या तुंगतिंगपुढे फिका पडतो. व्हिएतनाममध्ये ताइवानी वाणांची लागवड होते आणि तिथला माल ताइवानचा म्हणून खपवण्याचे प्रकार उघडकीस आले आहेत, त्यामुळे डब्यावरच्या डोंगराच्या नावाला किती पैसे मोजायचे, याचा विचार करावा. याउलट ‘पूर्वेची सुंदरी’ या अर्थाच्या तुंगफांग मेइरन चहाचे मळे सखल टेकड्यांवर असतात. तुडतुड्याने चावलेल्या पानात झुडूप जी सुगंधी द्रव्ये तयार करते, त्यांतून याला मधाचा गंध येतो, आणि तुडतुडे जगावेत म्हणून शेतकरी कीटकनाशक टाळतो व कमी पीक पत्करतो. त्याचा चढा दर मनापासून पटण्यासारखा आहे.

ग्रॅमचा भाव ऐकून दचकण्याआधी थोडा हिशेब मांडावा. सहा ग्रॅम चांगले ऊलाँग झाकणाच्या छोट्या वाटीत १०० मिलिलिटर पाण्यात थोडा थोडा वेळ मुरवले तर पाच-सहा वेळा सहज उतरते, म्हणजे सुमारे अर्धा लिटर चहा मिळतो. हलके पान दुसऱ्या-तिसऱ्या पाण्यालाच रिते होते, आणि मग स्वस्त तेच महाग पडते. नवख्या ग्राहकाने मोठा डबा न घेता वेगवेगळ्या दरांचे दोन छोटे नमुने आणावेत, दोन सारख्या कपांत सारख्याच वजनाचे पान, एकाच किटलीतले पाणी आणि घड्याळ लावून तेवढाच वेळ द्यावा, दोन्ही कप पुरते निवू द्यावेत आणि मगच दोन्ही चोथे शेजारी शेजारी उलगडून पाहावेत.